वॅनवरचं हार्डवेअर कॉम्प्रेशन: पेटी घ्यायची की वाट रुंद करायची?

कॉम्प्रेशनची पेटी विकायला येणाऱ्या प्रत्येक माहितीपत्रकावर एक गुणोत्तर ठळक अक्षरांत छापलेलं असतं. कुठे २:१, कुठे ४:१. अलीकडच्या पेट्यांवर तर थेट ‘९० टक्क्यांपर्यंत बचत’. हा आकडा बहुधा खोटा नसतो. कुणाच्या तरी डेटावर, कुठल्या तरी चाचणीत तो खरोखर आलेला असतो. आपल्या लाइनवर तो येईल का, हे मात्र माहितीपत्रक सांगू शकत नाही आणि निविदा काढणारेही विचारायचं विसरतात. मग तांत्रिक तपशिलाच्या रकान्यात ‘कॉम्प्रेशन: किमान ४:१’ असं लिहिलं जातं, सगळे पुरवठादार त्यापुढे ‘होय’ लिहितात आणि सर्वांत कमी दराची पेटी रॅकमध्ये जाऊन बसते.

गुणोत्तर ठरतं ते मुख्यतः डेटावर. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये हे गणिताने दाखवून दिलं: संदेशात जेवढी अनिश्चितता आहे, त्याखाली तो काहीही न गमावता आटवता येत नाही, मग यंत्र कितीही महाग असो. शाखांचे रोजचे रिपोर्ट, सर्व्हरचे लॉग, डेटाबेसमधून येणाऱ्या ओळी, साधा मजकूर यांत पुनरावृत्ती खच्चून भरलेली असते. ते दोन ते चार पट सहज आटतात, लॉग तर त्याहूनही जास्त. छायाचित्रं, व्हिडिओ, झिप फाइली आधीच आटलेल्या असतात. ऑफिस २००७ पासूनची एक्सेल किंवा वर्डची फाइल आतून झिपच असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आणि एन्क्रिप्ट केलेला डेटा तर मुद्दामच असा बनवलेला असतो की त्यात कोणताही नमुना सापडू नये. रस काढून झालेलं चिपाड पुन्हा चरकात घातलं तर आवाज तेवढा होतो, रस येत नाही. इथे तर तोटाही होऊ शकतो: राउटरांमध्ये वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या एलझेडएस पद्धतीत जो बाइट आटत नाही त्याच्यामागे खुणेचा एक जादा बिट लागतो. आठाचे नऊ झाले, म्हणजे डेटा साडेबारा टक्क्यांपर्यंत फुगू शकतो. शहाणी यंत्रं अशा वेळी मूळ पॅकेट जसंच्या तसं सोडून देतात. जुन्या मोडेममधल्या एमएनपी-५ला तेवढंही शहाणपण नव्हतं, त्यामुळे झिप फाइल पाठवताना लोक ते हाताने बंद करत.

दुसरी गोष्ट, लाइन ‘स्लो’ आहे म्हणजे नेमकं काय आहे? १५०० बाइटचं एक पॅकेट ६४ किलोबिटच्या लीज्ड लाइनवर चढवायलाच १८७ मिलिसेकंद लागतात. तेच २ मेगाबिटच्या लाइनवर सहा मिलिसेकंद आणि १ गिगाबिटवर १२ मायक्रोसेकंद. कॉम्प्रेशन कमी करतं ती ही चढवण्याची वेळ. अंतर कापायला लागणारी वेळ त्याने कमी होत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश किलोमीटरला सुमारे पाच मायक्रोसेकंद घेतो आणि त्या गतीला कोणतीही पेटी हात लावू शकत नाही. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. वर जाऊन खाली येण्यातच पाव सेकंद जातो. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने १९९४ मध्ये मुंबईतून देशभर व्हीसॅटवर, म्हणजे उपग्रहाच्या जोडणीवर, व्यवहार सुरू केले, ते शेअर बाजाराच्या इतिहासातलं मोठं पाऊल होतं. पण एखाद्या दलालाची ऑर्डर म्हणजे मोजके बाइट. ती निम्मी केली तरी उपग्रहापर्यंतची ये-जा तेवढीच राहणार. तक्रार ‘फाइल पोचायला वेळ लागतो’ अशी आहे की ‘एंटर दाबल्यावर पडदा थबकतो’ अशी आहे, यावर औषध बदलतं. पहिल्या तक्रारीवर कॉम्प्रेशन चालू शकतं. दुसरीवर सहसा चालत नाही.

आता ही पेटी मुळात जन्माला का आली ते पाहू, कारण आजचे बरेचसे गैरसमज त्या काळातून आलेले आहेत.

डेव्हिड हफमन यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेली सांकेतिकी अक्षरांच्या वारंवारतेवर चालते: जास्त वेळा येणाऱ्याला छोटा संकेत, कमी वेळा येणाऱ्याला मोठा. खरी उडी इस्रायलच्या टेक्नियनमधल्या अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव यांनी १९७७ आणि १९७८ मध्ये मारली. मजकुरात आधी येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला की तो न पाठवता ‘मागे इतक्या अंतरावर, इतक्या लांबीचा’ एवढंच सांगायचं. आज झिपपासून वेबपर्यंत जवळजवळ सगळीकडे याच कल्पनेची पिलावळ नांदते. टेरी वेल्च यांनी १९८४ मध्ये तिला वेगवान यंत्रांना मानवेल असं रूप दिलं आणि १९९० मध्ये मोडेमसाठी व्ही.४२बिस हे मानक आलं. मोडेमच्या खोक्यावर ‘४:१’ छापायची पद्धत तिथली.

नव्वदीच्या दशकात वॅनवरचा, म्हणजे दूरदूरच्या कार्यालयांना जोडणाऱ्या जाळ्यावरचा, प्रत्येक किलोबिट महाग होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं तेव्हा डायल-अपचा नेहमीचा वेग ९.६ किलोबिट होता, आणि ६४ किलोबिटची लीज्ड लाइन असणं म्हणजे मोठ्या कंपनीची खूण. लाइन बारीक, भाडं जबर आणि वरून वाहणारा जवळजवळ सगळा डेटा साधा, उघडा मजकूर. कॉम्प्रेशनसाठी याहून चांगला काळ नव्हता आणि पुन्हा येईल असं वाटत नाही.

अडचण राउटरच्या प्रोसेसरची होती. राउटर पॅकेट पुढे ढकलण्यासाठी बनवलेलं यंत्र. त्याला प्रत्येक पॅकेटात जुने तुकडे शोधायला लावलं की त्याचा जीव जातो. सिस्कोच्या राउटरांत तेव्हा दोन मुख्य पर्याय असत. ‘स्टॅकर’ चांगला आटवायचा, पण प्रोसेसर खायचा. ‘प्रेडिक्टर’ पुढचा बाइट कोणता असेल याचा अंदाज बांधायचा, प्रोसेसरला हलका, पण मेमरी खायचा. प्रोसेसरचा भार ६५ टक्क्यांवर जात असेल तर सॉफ्टवेअर कॉम्प्रेशन बंद करा, असं सिस्कोच्याच मार्गदर्शनात लिहिलेलं असे. म्हणजे लाइन मोकळी करायला जावं आणि राउटरच तुंबावा! कॉम्प्रेशनचं वेगळं कार्ड किंवा चिप हा त्यावरचा उपाय. हार्डवेअर कॉम्प्रेशन हे सॉफ्टवेअरपेक्षा जास्त आटवतं, असा एक समज अजूनही ऐकू येतो. तसं नाही. पद्धत तीच असते, बहुतेकदा थोडी सौम्य केलेली. कार्ड फक्त राउटरच्या प्रोसेसरवरचं ओझं उचलतं आणि उशीर कमी करतं.

यातलं महत्त्वाचं नाव म्हणजे स्टॅक इलेक्ट्रॉनिक्स. एलझेडएस ही त्यांचीच पद्धत. आधी टेप ड्राइव्हसाठी चिप, मग पीसीची डिस्क ‘दुप्पट’ करणारं सॉफ्टवेअर, मग राउटर. फेब्रुवारी १९९४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने मायक्रोसॉफ्टने डॉसमध्ये त्यांचं पेटंट मोडल्याचा निर्णय देऊन १२ कोटी डॉलरची भरपाई ठोठावली. तो खटला डिस्कचा होता, वॅनचा नव्हता. पण कॉम्प्रेशनच्या धंद्यात पेटंटला किती किंमत आहे ते साऱ्यांना कळलं. स्टॅकमधून पुढे निघालेल्या हायफन कंपनीने एकाच चिपवर कॉम्प्रेशन आणि एन्क्रिप्शन दोन्ही आणलं. आधी आटवा, मग कुलूप लावा, हा क्रम त्या चिपने पक्का केला. तो उलटा करता येत नाही.

या काळातले दोन धडे आजही खरेदी करणाऱ्याने लक्षात ठेवावेत असे आहेत.

पहिला इतिहासाचा, म्हणजे मागे किती डेटा यंत्राच्या लक्षात राहतो याचा. एलझेडएसची खिडकी २ किलोबाइटची. वेबवर चालणाऱ्या डिफ्लेटची ३२ किलोबाइट. खिडकी मोठी तेवढा पुनरावृत्ती सापडण्याचा संभव जास्त. पण वॅनवर एक गोम असते: पाठवणाऱ्याकडचा आणि घेणाऱ्याकडचा इतिहास तंतोतंत सारखा हवा. एक पॅकेट हरवलं की दोन्ही बाजूंची गाठ तुटते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पॉइंट-टू-पॉइंट लाइनवर हे चांगलं चाले. फ्रेम रिलेवर प्रत्येक आभासी मार्गाचा वेगळा इतिहास ठेवावा लागे, त्यासाठी १९९६ मध्ये एफआरएफ.९ हा करार झाला. खुल्या आयपी जाळ्यात पॅकेटं हरवतात, मागेपुढे होतात, म्हणून तिथल्या आयपीकॉम्प पद्धतीत प्रत्येक पॅकेट स्वतंत्रपणे आटवतात. छोट्या पॅकेटात मागे पाहायला काही नसतंच, त्यामुळे हाती फारसं लागत नाही. माहितीपत्रकातली चाचणी बहुधा मोठ्या फाइलवर केलेली असते. आपल्या लाइनवर छोटी पॅकेटं जास्त असतील तर तो आकडा विसरावा.

इतिहासाला मेमरी लागते, आणि मुख्यालयातल्या राउटरला प्रत्येक शाखेचा वेगळा इतिहास ठेवावा लागतो. सिस्कोच्या ७००० आणि ७२०० मालिकेतल्या कॉम्प्रेशन कार्डाचे दोन प्रकार होते, एक ६४ जोडण्यांसाठी, दुसरा २५६ साठी. शाखा वाढल्या की वेग शिल्लक असूनही कार्ड अपुरं पडायचं. आजच्या पेट्यांच्या परवान्यातही ‘एकाच वेळच्या जोडण्या’ अशी मर्यादा असते. किमतीचा मोठा भाग तिथे लपलेला असतो.

दुसरा धडा हेडरचा. व्हॅन जेकबसन यांनी १९९० मध्ये दाखवलं की टीसीपी-आयपीचं ४० बाइटचं हेडर बारीक लाइनवर तीन ते पाच बाइटांत बसवता येतं, कारण एकाच जोडणीतल्या पॅकेटांत त्यातलं बरंचसं बदलतच नाही. आवाजाच्या बाबतीत याचा फायदा डोळ्यांत भरतो. जी.७२९ कोडेकने दर २० मिलिसेकंदांनी २० बाइट आवाज निघतो आणि त्यावर ४० बाइट हेडर चढतं: ओझ्यापेक्षा वेष्टन दुप्पट. एका संभाषणाला २४ किलोबिट लागतात. हेडर दोन-चार बाइटांवर आणलं की तेच नऊ-साडेनऊ किलोबिटांत बसतं. आतला आवाज मात्र आधीच आटलेला असल्याने त्यावर एलझेडएस चालवून काही मिळत नाही. आवाज मुख्य असेल तिथे हेडर कॉम्प्रेशन मागावं. ते बहुतेक राउटरांत असतंच, वेगळी पेटी लागत नाही.

दोन हजार सालानंतर पेटीचं रूपच बदललं. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नील स्प्रिंग आणि डेव्हिड वेदरल यांनी २००० मध्ये एक निबंध वाचला: एकाच लाइनवरून तोच तोच मजकूर तासातासाने, दिवसादिवसाने पुन्हा जात असतो; मग खिडकी काही किलोबाइटची कशाला? पाहिलेला सगळा डेटाच दोन्ही टोकांना साठवून ठेवा, आणि तुकडा पुन्हा आला की फक्त त्याची खूण पाठवा. यालाच पुढे डीडुप म्हणू लागले. पेरिबिट कंपनीने डीएनएच्या साखळीत पुनरावृत्ती शोधण्याच्या पद्धतीतून हेच साधलं; ज्युनिपरने २००५ मध्ये ती सुमारे ३४ कोटी डॉलरना घेतली. २००२ मध्ये स्थापन झालेल्या रिव्हरबेडची ‘स्टीलहेड’ पेटी तर काही काळ या प्रकाराचं दुसरं नावच होती.

स्टीलहेडसारख्या पेट्या इतक्या खपल्या त्यामागे मात्र कॉम्प्रेशनपेक्षा वेगळं कारण जास्त होतं, आणि विक्रेते ते सावकाश सांगत. विंडोजची जुनी फाइल-शेअरिंग पद्धत फार बोलघेवडी होती. एक फाइल उघडायला शेकडो वेळा ‘हे दे, मिळालं, पुढचं दे’. एका इमारतीत ते खपून जातं. मुंबई ते न्यू यॉर्क ये-जा सुमारे २०० मिलिसेकंदांची. शंभर प्रश्नोत्तरं झाली की वीस सेकंद गेले, मग लाइन १०० मेगाबिटची का असेना. पेटी जवळच्या टोकाला स्वतःच उत्तरं देऊन ही ये-जा वाचवायची. टीसीपीचंही तसंच. त्याची स्वतःची खिडकी, म्हणजे पोच येण्याआधी किती डेटा पाठवता येतो ती मर्यादा, वाढवलेली नसेल तर एका वेळी ६४ किलोबाइटच हवेत राहू शकतात, आणि २०० मिलिसेकंदांच्या वाटेवर त्याचा हिशेब होतो सेकंदाला जेमतेम २.६ मेगाबिट. लाइन कितीही रुंद घ्या, एका जोडणीला तेवढंच मिळणार. ही खिडकी वाढवायची सोय १९९२ पासून मानकात आहे आणि आजच्या ऑपरेटिंग सिस्टिम ती आपोआप वापरतात. म्हणजे त्या काळी पेटीने सोडवलेले दोन मोठे प्रश्न पुढे सॉफ्टवेअरनेच फुकटात सोडवले. विंडोजची फाइल-शेअरिंगही नंतरच्या आवृत्त्यांत कमी बोलू लागली.

चाचणीत फसगत होते ती याच पिढीच्या पेट्यांवर. विक्रेता मोठी फाइल एकदा पाठवतो, मग तीच पुन्हा पाठवतो, आणि दुसऱ्या वेळी ती क्षणात पोचते. टाळ्या पडतात. पण आपल्या शाखा तीच फाइल रोज दोनदा पाठवतात का? डिझाइनच्या फाइली थोड्या बदलून पुन्हा पुन्हा जातात तिथे हा फायदा खरा आहे. रोज नवे व्यवहार जातात तिथे नाही. पहिल्या पाठवणीचा आकडा वेगळा लिहून घ्यावा आणि खरेदीच्या टिपणीत तोच वापरावा.

आणि मग एन्क्रिप्शन आलं. याने जेवढी उलथापालथ केली तेवढी कशानेच केली नाही.

आज ब्राउझरमधून जाणारी बहुतेक वाहतूक एचटीटीपीएसवर असते. शाखा-मुख्यालय मार्ग व्हीपीएनमध्ये असतो. अनेक डेटाबेस स्वतःच डिस्कवर एन्क्रिप्टेड असतात. वाटेत बसलेल्या पेटीला दिसतो तो निव्वळ गोंधळ. तिने काही करायचं तर आधी कुलूप उघडायला हवं, म्हणजे सर्व्हरची खाजगी किल्ली पेटीकडे किंवा पेटीचं प्रमाणपत्र सगळ्या संगणकांवर. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या टीएलएस १.३ मध्ये (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन ते हेच) नुसती किल्ली ठेवून बाजूने ऐकण्याची सोय उरली नाही. पेटीला मधे उभं राहून दोन्ही बाजूंशी वेगवेगळी जोडणी करावी लागते. बँकेच्या सुरक्षा अधिकाऱ्याने यावर सही करावी का? माझ्या मते, लाइनचं भाडं वाचवण्यासाठी तरी करू नये. २०२१ मध्ये मानक झालेल्या क्विक या वाहतूक-पद्धतीने तर टीसीपीच बाजूला सारून सगळा वाहतूक-थर एन्क्रिप्ट केला, त्यामुळे उपग्रहाच्या लाइनवर टीसीपीला गती देणाऱ्या जुन्या पेट्याही आंधळ्या झाल्या.

आधी आटवून मग कुलूप लावणंही पूर्ण निर्धोक नाही, हे उशिरा कळलं. आटवल्यानंतरची लांबी आतल्या मजकुराबद्दल काहीतरी सांगून जाते. हल्लेखोराला त्याच प्रवाहात स्वतःचे शब्द घुसवता आले आणि बाहेरून लांबी मोजता आली तर तो गुप्त कुकी अक्षर-अक्षर करून ओळखू शकतो. २०१२ मधला ‘क्राइम’ आणि २०१३ मधला ‘ब्रीच’ हे हल्ले या तत्त्वावरचे. टीएलएस १.३ मधून कॉम्प्रेशन काढूनच टाकलं. २०१८ मध्ये ‘व्होरॅकल’ने व्हीपीएनवर तोच प्रकार दाखवल्यावर ओपनव्हीपीएननेही कॉम्प्रेशन टाळा असा सल्ला दिला. दोन डेटा सेंटरांमधल्या बंद वाटेवर, जिथे बाहेरच्याला मजकूर घुसवता येत नाही, धोका फारच कमी; कर्मचाऱ्यांचं ब्राउझिंग जिथून जातं तिथे तो खरा आहे.

एन्क्रिप्शनच्या जोडीला क्लाउड. कॉम्प्रेशनच्या पेटीला नेहमीच दोन टोकं लागतात, एक आटवणारं आणि एक उलगडणारं, आणि डीडुपवाल्या पेट्या तर एकाच कंपनीच्या लागतात. ईमेल, हिशेब, मनुष्यबळाची प्रणाली दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेली की पलीकडचं टोक आपलं राहत नाही. ‘आभासी पेटी’ क्लाउडमध्ये भाड्याने ठेवता येते, पण ती आपल्या भाड्याच्या सर्व्हरांपुढे. दुसऱ्या कंपनीच्या तयार सेवेपुढे आपली पेटी कोण ठेवू देईल? बाजाराने हा निकाल आधीच दिला आहे. सिल्व्हर पीकने कॉम्प्रेशनपासून एसडी-वॅनकडे, म्हणजे सॉफ्टवेअरने चालवल्या जाणाऱ्या वॅनकडे, मोहरा वळवला आणि २०२० मध्ये एचपीईने ती कंपनी साडेब्याण्णव कोटी डॉलरना घेतली. रिव्हरबेडला नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज करावा लागला.

दरम्यान हार्डवेअर कॉम्प्रेशन संपलं नाही. ते कार्डावरून चिपवर गेलं. आयबीएमच्या मेनफ्रेमला २०१३ मध्ये कॉम्प्रेशनचं वेगळं कार्ड मिळालं होतं; २०१९ च्या झेड१५ मध्ये तेच काम प्रोसेसरच्या चिपवर आलं. इंटेलच्या २०२३ मधल्या चौथ्या पिढीच्या झिऑन सर्व्हर चिपांतल्या बऱ्याचशांवर क्विकअसिस्ट हा कॉम्प्रेशनचं काम करणारा भाग आतच आहे. आणि साधं सॉफ्टवेअरही कमालीचं वेगवान झालं: एलझेड४ एका कोअरवर सेकंदाला ५०० मेगाबाइटहून जास्त आटवतं, म्हणजे ४ गिगाबिटची लाइन एक कोअर सांभाळू शकतो. यान कोले यांनी फेसबुकमध्ये असताना २०१६ मध्ये खुलं केलेलं झेडस्टँडर्ड आटवण्यात डिफ्लेटच्या बरोबरीचं किंवा सरस, आणि वेगात खूपच पुढे. राउटरचा प्रोसेसर दमतो हे पेटीचं मूळ कारण होतं. शंभर-दोनशे मेगाबिटच्या शाखा-लाइनवर ते कारण आता उरलेलं नाही. डेटा जिथे जन्मतो तिथेच, सर्व्हरवर, कुलूप लावण्याआधी तो आटवणं सोपं, स्वस्त आणि पेटीला किल्ली देण्यापेक्षा सुरक्षित झालं आहे. वेबसर्व्हरवर जीझिप किंवा ब्रॉटली चालू करायला एका ओळीचा बदल पुरतो, आणि अनेक कार्यालयांच्या अंतर्गत पोर्टलवर ती ओळ अजून घातलेली नसते.

मग पेटी कुठे घ्यावी? जिथे लाइन रुंद करताच येत नाही किंवा प्रत्येक बाइटचं बिल येतं: जहाज, समुद्रातला तेलाचा फलाट, भूस्थिर उपग्रहावर चालणारं दुर्गम ठाणं. अर्थात ५५० किलोमीटरवरून फिरणारे नवे उपग्रह हेही गणित बदलत चालले आहेत. दुसरी जागा म्हणजे डेटा सेंटरची दूरच्या शहरातली प्रत. समजा रोज २ टेराबाइट बदल होतो आणि लाइन १५५ मेगाबिटची आहे. न आटवता तो पाठवायला जवळपास २९ तास लागतील, म्हणजे प्रत कायम मागे पडत जाणार. २:१ मिळालं तर साडेचौदा तास, आणि काम भागलं. स्टोरेजच्या जाळ्यातल्या एक्स्टेन्शन स्विचमध्ये कॉम्प्रेशन आणि आयपीसेकचं एन्क्रिप्शन दोन्ही हार्डवेअरमध्ये, योग्य क्रमाने असतात. दोन्ही टोकं आपली, वाट बंद, डेटा मोठा आणि सलग: जुन्या काळातल्या सगळ्या अटी इथे अजून पुऱ्या होतात. फक्त स्टोरेज स्वतःच डेटा आटवून पाठवतंय का आणि डेटाबेस आधीच एन्क्रिप्ट आहे का, हे आधी पाहावं. तसं असेल तर इथेही स्विचवरच्या कॉम्प्रेशनचे पैसे वाया.

बाकी शाखा-जाळ्यांसाठी हिशेब कागदावर मांडला की चित्र स्पष्ट होतं. लाइनवरची ७० टक्के वाहतूक एन्क्रिप्ट केलेली किंवा आधीच आटलेली आहे आणि उरलेली ३० टक्के ३:१ आटते असं धरा. शंभरातले सत्तर तसेच, तीसचे दहा. ८० उरले. गुणोत्तर आलं १.२५:१. पेटी ३:१ ची, लाइनला मिळाले वीस टक्के. शिवाय गुणोत्तर वाढेल तसा फायदा मंदावत जातो: २:१ म्हणजे निम्मी बचत, ४:१ म्हणजे पाऊण, १०:१ म्हणजे ९० टक्के. महाग मॉडेलचा पैसा बहुतेक त्या शेवटच्या टोकासाठी असतो. बचत झालेली बँडविड्थ भाड्याचा खालचा टप्पा गाठून देत नसेल, तर बिलात एक रुपयाही कमी होत नाही, हेही लक्षात ठेवावं. २००५ मध्ये केंद्राने राज्यांच्या स्वान जाळ्यांना मंजुरी दिली तेव्हा तालुक्यापर्यंत किमान २ मेगाबिट हे उद्दिष्ट होतं. आज घराघरांतल्या फायबरवर त्याच्या पन्नासपट वेग साधा मानला जातो. लाइनचा दर अशा वेगाने उतरत असताना पेटीची वार्षिक देखभाल मात्र दरवर्षी चढत असते.

आणि एक धोका, ज्याची टिपणीत नोंद क्वचितच होते. पेटीच्या भरवशावर लाइन लहान घेतली आणि पेटी बंद पडली, तर बायपासमुळे जोडणी चालू राहते खरी, पण सगळं न आटलेलं ओझं त्या लहान लाइनवर येतं. शाखेत सीसीटीव्हीचं चित्रीकरण मुख्यालयाला पाठवायला सुरुवात झाली की पेटी धडधाकट असूनही तेच होतं, कारण व्हिडिओ आटत नाही. लाइन निदान गर्दीच्या वेळी कॉम्प्रेशनशिवाय तग धरेल एवढी असावी.

निर्णयाआधी एक काम मात्र कोणत्याही संस्थेला स्वतः करता येतं, त्याला पुरवठादार लागत नाही. नेहमीच्या कामाच्या काही दिवशी, महिनाअखेरही धरून, राउटरवरून जाणारी वाहतूक नोंदवा. त्यात ग्राहकांची माहिती असते, म्हणून सुरक्षा अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्या आणि काम झालं की नोंद पुसून टाका. मग ती फाइल एका साध्या संगणकावर झेडस्टँडर्डच्या लांब खिडकीच्या पर्यायाने आटवून पाहा. पेटी याहून फार चांगलं करील अशी अपेक्षा ठेवू नका. ती फाइल दीडपटही आटली नाही, तर पुरवठादाराला चहा पाजून परत पाठवा आणि त्या पैशात लाइन वाढवून घ्या.